एकाच लिलावात जुनी गाडी विकून दुसरी घ्यायची असेल तर

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर आपल्याला तो दुरुस्त करता येईल. आपल्या घरी पंचवीस-तीस वर्षे सांभाळलेली एक जुनी, चार दरवाजांची गाडी आहे. येत्या लिलावात ती विकावी आणि त्या पैशातून त्याच लिलावातली साठच्या दशकातील, दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार घ्यावी, असा आपला बेत आहे. कॅटलॉगमध्ये त्या गाडीपुढे ‘मॅचिंग नंबर्स’ आणि ‘काही वर्षांपूर्वी रिस्टोर केलेली’ असे दोन शेरे आहेत, छापलेली अंदाजित किंमत आपल्या आवाक्यातली आहे आणि बोली कुठपर्यंत न्यावी, हे आपल्याला ठरवायचे आहे.

गाडी न पाहता तो आकडा मला सांगता येणार नाही. तो कसा काढावा हे मात्र सांगता येईल. त्याआधी एका मोठ्या अडचणीकडे आपले लक्ष वेधतो. आपण दोन स्वतंत्र व्यवहार एकमेकांना बांधले आहेत आणि दोन्ही एकाच दिवसावर सोडले आहेत. गेली वीसेक वर्षे मी लिलावापूर्वी खरेदीदारांसाठी गाड्या तपासून देतो आणि विक्रेत्यांच्या गाड्या लिलावासाठी तयार करतो. या काळात नुकसान सोसलेली जी माणसे मला भेटली, त्यांतील बहुतेकांना कोणी जाणूनबुजून फसवलेले नव्हते. खाजगी व्यवहारात गाडी दोनदा पाहणे, ओळखीच्या मेकॅनिकला दाखवणे, कागदपत्रे पडताळणे, रात्रभर विचार करणे आणि मग भाव ठरवणे, या सगळ्याला तीन-चार आठवडे मिळतात. लिलावात गाडी मंचावर आल्यापासून हातोडा पडेपर्यंत जेमतेम दोन-तीन मिनिटे जातात. अनेक देशांच्या कायद्यांत हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. तो पडला की करार पूर्ण होतो आणि नंतर उद्भवणाऱ्या शंकांना जवळपास काहीच किंमत उरत नाही. त्यामुळे ते तीन-चार आठवड्यांचे काम लिलावाच्या आधीच कुठेतरी झालेले असले पाहिजे. माझे पुढचे सगळे सांगणे या एका गोष्टीभोवती आहे.

काही बाबी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही आधीच मान्य करतो. लिलावसंस्थेच्या अटी, आपल्या देशातील कर आणि नोंदणीचे नियम, गाडीची कंपनी आणि मॉडेल यांनुसार तपशील बदलतील. मी खाली दिलेले टक्के हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. आपल्याला लागू होणारे टक्के अटींच्या पत्रकात असतात आणि ते पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याला दुसरा पर्याय नाही.

पैशांपासून सुरुवात करू. हातोडा ज्या आकड्यावर पडतो तेवढे पैसे खरेदीदार देत नाही आणि विक्रेत्यालाही तेवढे मिळत नाहीत. खरेदीदाराला त्या आकड्यावर लिलावसंस्थेचे शुल्क द्यावे लागते, ज्याला या व्यवसायात बायर्स प्रीमियम म्हणतात. विक्रेत्याच्या रकमेतून कमिशन कापले जाते. 2018 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील मॉन्टेरे येथील लिलावात 1962 ची फेरारी 250 जीटीओ विकली गेली, तेव्हा हातोडा 4 कोटी 40 लाख डॉलरवर पडला होता, पण सर्वत्र छापून आलेला आकडा 4 कोटी 84 लाख 5 हजार डॉलरचा होता. पहिल्या अडीच लाखांवर 12 टक्के आणि उरलेल्या रकमेवर 10 टक्के अशी आकारणी केली, की मधले 44 लाख 5 हजार डॉलर नेमके जुळतात. बातमीत वाचलेली किंमत शुल्कासह आहे की हातोड्याची, हे न पाहता पुष्कळ लोक तिच्याशी आपल्या गाडीची तुलना करतात आणि दहा-बारा टक्क्यांची चूक तिथेच करून बसतात.

आता आपल्या बाबतीत हे कसे लागू होते ते पाहा. हातोडा 100 वर पडला आणि खरेदीदाराचे शुल्क 12 टक्के असेल, तर खरेदीदार 112 देतो. विक्रेत्याचे कमिशन 8 टक्के असेल, तर त्याच्या हाती 92 येतात. म्हणजे 100 ची गाडी विकून 100 चीच गाडी घेणाऱ्याच्या खिशातून 20 जातात, आणि यात शुल्कावरचा कर, गाडी लिलावाच्या जागी नेण्याचा आणि तिथून आणण्याचा खर्च, विमा, कॅटलॉगमधील जागेचे शुल्क हे काहीच धरलेले नाही. आपण घेणार ती गाडी दुसऱ्या देशातून तात्पुरत्या परवान्यावर आणलेली असेल, तर आयात करही खरेदीदाराच्या माथी येतो. कॅटलॉगमध्ये अशा गाडीच्या क्रमांकापुढे फक्त एक छोटे चिन्ह असते आणि त्याचा अर्थ शेवटच्या पानावर दिलेला असतो.

त्याहून गंभीर प्रश्न वेळेचा आहे. घेतलेल्या गाडीचे पैसे आपल्याला बहुधा काही दिवसांत भरावे लागतात आणि उशीर झाला तर साठवणुकीचे भाडे व व्याज सुरू होते. विकलेल्या गाडीचे पैसे मात्र खरेदीदाराने पूर्ण रक्कम भरल्यानंतर, अटींनुसार काही आठवड्यांनी मिळतात, आणि आपल्या गाडीवर बोली लावणाऱ्याने पैसे भरायला टाळाटाळ केली तर तो काळ आणखी लांबतो. शिवाय लिलावात गाड्या ठरलेल्या क्रमाने येतात. आपल्याला हवी असलेली गाडी आधी आणि आपली विकायची गाडी नंतर असा क्रम असेल, तर विक्री होईल या भरवशावर आपण बोली लावलेली असेल. आपल्या गाडीची बोली राखीव किमतीपर्यंत, म्हणजे ज्याखाली ती विकायची नाही असे आपण ठरवलेल्या आकड्यापर्यंत, पोहोचली नाही, तर संध्याकाळी आपल्याकडे दोन गाड्या असतील आणि एकीचे पैसे देणे बाकी असेल. असा प्रसंग मी एका सद्गृहस्थांवर आलेला जवळून पाहिला आहे. त्यांनी शेवटी घरची गाडी एका व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात दिली, आणि त्या घाईत गेलेली रक्कम लिलावाच्या सर्व शुल्कांच्या बेरजेहून जास्त होती.

आता आपण घेऊ इच्छिता त्या गाडीकडे वळू. ‘मॅचिंग नंबर्स’ या शब्दांचा सर्वांना मान्य असा एकच अर्थ नाही. काटेकोर अर्थ असा, की कारखान्यातून निघताना त्या चासीवर, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावर, जे इंजिन बसवले होते तेच आजही आहे, आणि शक्य असल्यास गिअरबॉक्स व मागचा अ‍ॅक्सलही तेच आहेत. सैल अर्थाने त्याच प्रकारचे आणि त्याच काळातले इंजिन असले तरी हे शब्द वापरले जातात. पुष्कळ कंपन्या इंजिनावर चासी क्रमांक कोरत नसत; इंजिनाचा क्रमांक वेगळाच असे आणि दोन्ही क्रमांक फक्त कारखान्याच्या नोंदवहीत शेजारी शेजारी लिहिलेले असत. अशा वेळी गाडीकडे कितीही निरखून पाहिले तरी उत्तर मिळत नाही, ते नोंदींतच मिळते. जॅग्वारसाठी कंपनीचा हेरिटेज ट्रस्ट, एमजी आणि ऑस्टिन-हीलीसाठी इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम, अमेरिकेत 1967 पासून बनलेल्या फोर्ड गाड्यांसाठी कंपनीच्या नोंदींवरून तयार होणारा मार्टी अहवाल, फेरारीसाठी कंपनीचा स्वतःचा क्लासिके विभाग, अशी ठिकाणे आहेत. कागद यायला दिवस लागतात, म्हणून मागणी कॅटलॉग हाती आल्या दिवशीच करावी.

गाडीवरील क्रमांक वाचायला शिकणे हीसुद्धा खरेदीचीच तयारी आहे. सतरा अंकी-अक्षरी एकसारखा क्रमांक 1981 पासून रूढ झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. जॅग्वार ई-टाइपचे 3.8 लिटरचे मॉडेल उदाहरणादाखल घेऊ. उजव्या स्टिअरिंगच्या उघड्या गाडीचा चासी क्रमांक 850 ने आणि बंद टपाच्या कूपेचा 860 ने सुरू होई. डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत हेच आकडे 875 आणि 885 असे होते. उघड्या गाडीला कूपेपेक्षा जास्त भाव मिळतो, त्यामुळे कूपेचे छप्पर कापून तिची उघडी गाडी केल्याची उदाहरणे आहेत. ज्याला हे आकडे ठाऊक आहेत त्याला चासी क्रमांक वाचताच प्रश्न पडतो. ज्याला ठाऊक नाहीत तो रंगावर खूश होतो. आपणही उघड्याच टपाची गाडी घेत आहात, म्हणून आपल्या मॉडेलची क्रमांकपद्धत त्या गाडीच्या मालक-संघाकडून समजून घ्या. अशा संघांतील जुन्याजाणत्या सभासदांना कित्येक गाड्यांचा इतिहास तोंडपाठ असतो आणि विचारल्यास ते मोकळेपणाने सांगतात.

क्रमांक बरोबर असला तरी तो कोरलेला पृष्ठभाग पाहणे आवश्यक असते. सुरुवातीच्या काळात माझ्याकडूनही एक चूक झाली होती. एका खरेदीदारासाठी मी इंजिनाच्या क्रमांकाचे छायाचित्र मागवले, तो नोंदवहीशी जुळला आणि मी होकार कळवला. गाडी घरी आल्यावर भिंगाने पाहिले तेव्हा, ज्या ठिकाणी कारखान्यातील यंत्रकामाचे बारीक समांतर ओरखडे असायला हवे होते, तिथला धातू घासून गुळगुळीत केलेला दिसला आणि अंकांची खोली कमीजास्त होती. जुना क्रमांक घासून काढून नवा ठोकलेला होता. त्या माणसाचे नुकसान माझ्या अर्धवट तपासणीमुळे झाले, याची खंत मला आजही आहे आणि तेव्हापासून मी छायाचित्रावरून कधीही होकार देत नाही.

गाडीची ओळख या विषयावर न्यायालयातही वाद झाले आहेत. 1929 आणि 1930 मध्ये ल मान्सची शर्यत जिंकलेली ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली 1 कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला, तेव्हा खरेदीदाराने ती खरी गाडीच नाही असा मुद्दा मांडला. 1990 मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला. शर्यतीच्या वेळचे फारच थोडे भाग उरलेले असूनही गाडीचा इतिहास अखंड होता, त्यामुळे न्यायालयाने तिला ते नाव लावण्याचा हक्क मान्य केला आणि खरेदीदाराला करार पाळावा लागला. एक-एक भाग बदलत गेलेली गाडी आणि दोन-तीन गाड्यांच्या अवशेषांतून जुळवलेली गाडी यांत फरक करतो तो तिचा इतिहास, आणि तो कागदांतून सिद्ध व्हावा लागतो. मालकीचेही तसेच आहे. 2014 मध्ये इंग्लंडमधील गुडवुडच्या लिलावात सुमारे 1 कोटी 7 लाख पौंडांना विकली गेलेली फेरारी 375 प्लस ही गाडी अनेक वर्षांपूर्वी अमेरिकेतून चोरीला गेलेली होती. विक्रीपूर्वी दावेदारांमध्ये समझोता झालेला असूनही विक्रीनंतर मालकीचा वाद पुन्हा न्यायालयात गेला. गाडीवर कर्ज किंवा तारण आहे का, चोरीची नोंद आहे का आणि विकणाऱ्याचे नाव नोंदणीपुस्तकातील नावाशी जुळते का, हे लहान किमतीच्या गाडीबाबतही आधी पाहावे.

कॅटलॉगची भाषा वाचण्याचीही एक सवय लागते. ‘मालकाच्या सांगण्यानुसार’, ‘आमच्या समजुतीप्रमाणे’, ‘असे मानले जाते’ हे शब्द जिथे येतात तिथे संस्थेने जबाबदारी घेतलेली नसते. अटींमध्ये तर गाडी ‘जशी आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर विकली जाते, असे स्पष्ट लिहिलेले असते. वर्णनात जे आहे त्याच्याइतकेच, जे नाही त्याकडेही लक्ष द्यावे. चार परिच्छेद गाडीच्या रंगसंगतीवर आणि पहिल्या मालकावर खर्च केलेले असतील आणि इंजिनाच्या कामाबद्दल एकही वाक्य नसेल, तर इंजिनाबद्दल थेट प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी मागावे. कॅटलॉग छापल्यानंतर सापडलेल्या चुका लिलावाच्या दिवशी फलकावर लावतात किंवा मंचावरून वाचून दाखवतात. त्या कॅटलॉगपेक्षा ग्राह्य मानल्या जातात, त्यामुळे त्या सकाळी पाहिल्याशिवाय बोली लावू नये.

‘काही वर्षांपूर्वी रिस्टोर केलेली’ या शेऱ्याचा अर्थ मी असा घेतो, की काम एकदा झालेले आहे, पण ते आता जुने झाले आहे, आणि पत्र्याच्या आत काय आहे ते काम करणाऱ्यालाच ठाऊक. अशा गाडीसाठी कामाची बिले आणि कामादरम्यानची छायाचित्रे मागावीत. रंग काढून उघड्या केलेल्या पत्र्याचे एक छायाचित्र, चकचकीत गाडीच्या पन्नास छायाचित्रांपेक्षा जास्त माहिती देते.

तपासणीसाठी लिलावापूर्वी एक-दोन दिवस गाड्या पाहायला मोकळ्या ठेवतात. तिथे गाडी चालवू देत नाहीत, उचलूनही देत नाहीत, म्हणून जे करता येते ते नीट करावे. मी विजेरी (टॉर्च), छोटा आरसा, भिंग आणि रंगाची जाडी मोजणारे मीटर घेऊन जातो. कारखान्यातील रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो. पुन्हा रंगवलेला पत्रा 200 ते 300 पर्यंत जातो. मीटर 1000 च्या पुढे गेले तर खाली पुट्टी आहे असे धरावे. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यासाठी त्या धातूवर चालणारे मीटर हवे आणि फायबरच्या बॉडीवर हे साधे मीटर उपयोगाचे नाही. एकदा एका देखण्या कूपेच्या बोनेटवर मला सगळीकडे 240 च्या आसपास आकडा मिळाला, पण दाराखालच्या पट्टीवर तो 1400 दाखवू लागला. ज्या गाड्यांना वेगळी चासी नसते आणि बॉडीच सगळा भार पेलते, त्यांत ही दाराखालची पट्टी, जॅक लावण्याची जागा, पायाखालचा पत्रा आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेले असते ते भाग गंजले, तर दुरुस्ती रंगाची राहत नाही, गाडीच्या सांगाड्याची होते. उघड्या टपाच्या गाडीला छपराचा आधार नसल्यामुळे हे आणखी महत्त्वाचे ठरते. दार उघडताना ते खाली झुकते का, दार आणि बॉडी यांमधील फट वर आणि खाली सारखी आहे का, हे पाहायला कोणतेही उपकरण लागत नाही.

मीटरवरील किलोमीटर किंवा मैल यांवर मी विश्वास ठेवत नाही. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांच्या मीटरमध्ये पाचच अंक असत आणि 99,999 नंतर ते पुन्हा शून्यावर येत. त्याऐवजी पेडलचे रबर, चालकाच्या आसनाची कड, स्टिअरिंगची झीज आणि दाराचे बिजागर एकमेकांशी जुळतात का ते पाहावे. टायरवर 2000 सालापासून चार अंकी खूण असते. 2319 म्हणजे 2019 मधील तेविसावा आठवडा. नऊ-दहा वर्षांचे टायर आणि ‘नियमित वापरात असलेली गाडी’ हा शेरा एकत्र दिसला, तर त्या शेऱ्यावर प्रश्नचिन्ह लावावे. शक्य असल्यास इंजिन पहिल्यांदा सुरू करतात त्या वेळी सकाळी हजर राहावे. थंड इंजिनाचा धूर आणि आवाज यांतून जे कळते, ते अर्धा तास चालवून गरम केलेल्या इंजिनातून कळत नाही. वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी सुरू झाली म्हणजे ती रस्त्यावर चालवण्याजोगी झाली, असे नव्हे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, रबरी सील कोरडे पडतात, टाकीत गाळ साचतो. हा सगळा खर्च आधीच धरावा.

या टप्प्यावर आपल्या मूळ प्रश्नाचे, म्हणजे बोलीच्या मर्यादेचे, उत्तर मांडता येते. आकडा शेवटाकडून मागे मोजत यावा. गाडी घरी येऊन चालू अवस्थेत उभी राहीपर्यंत आपण एकूण 100 खर्च करायला तयार आहात असे समजू. तपासणीनंतर दुरुस्तीचा अंदाज 12 आणि वाहतूक, विमा व नोंदणी यांचा अंदाज 3 निघाला, तर 85 उरतात. शुल्क 12 टक्के असेल तर 85 ला 1.12 ने भागावे. उत्तर सुमारे 76 येते. आपली शेवटची बोली 76, आणि शुल्कावर कर असेल तर त्याहूनही थोडी कमी. हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवावा. 100 चे बजेट असलेला माणूस सभागृहात 90 ची बोली सहज लावतो, कारण ती 100 च्या आत दिसते, आणि घरी गेल्यावर त्याचा हिशेब 115 च्या पुढे गेलेला असतो.

अंदाजित किंमत म्हणजे मूल्यांकन नव्हे, हेही लक्षात घ्यावे. बोली लावणाऱ्यांना जवळ आणण्यासाठी ती मुद्दाम कमी ठेवलेली असू शकते. राखीव किंमत गुप्त असते आणि तिथपर्यंत विक्रेत्याच्या वतीने लिलावकर्त्याने बोली पुकारणे बऱ्याच ठिकाणी अटींनुसार चालते. म्हणजे सुरुवातीला आपल्याविरुद्ध कोणीतरी आहे असे वाटते, तेव्हा सभागृहात दुसरा माणूस असेलच असे नाही. आवाजाच्या गोंधळात आकडाही चुकू शकतो. 2019 मध्ये मॉन्टेरे येथे 1939 ची पोर्शे टाइप 64 मंचावर आली, तेव्हा पडद्यावर बोली 3 कोटी डॉलरपासून चढत 7 कोटींपर्यंत गेली आणि मग तो आकडा 1 कोटी 70 लाख असा दुरुस्त करण्यात आला. गाडी त्या रात्री विकली गेली नाही. आपली बोली आकड्यानिशी स्पष्ट उच्चारावी, शंका आली तर हात खाली घेऊन विचारावे. एवढ्या मोठ्या सभागृहात विचारायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे, पण तो संकोच बाजूला ठेवावाच लागतो.

आणखी एक धोका गणिताचा आहे. 1971 मध्ये तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करणाऱ्या तीन अभियंत्यांनी दाखवून दिले, की एकाच वस्तूचे मूल्य अनेकजण आपापल्या अंदाजाने ठरवतात, तेव्हा बोली जिंकणारा बहुधा तोच असतो ज्याचा अंदाज खऱ्या मूल्याच्या सर्वांत जास्त वर गेलेला असतो. जुन्या गाडीच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडते. तिथे जमलेल्या जाणकार व्यापाऱ्यांनी हात खाली घेतल्यावरही आपण पुढे जात असाल, तर त्यांना न दिसलेले काही आपल्याला दिसले आहे, की त्यांना दिसलेले आपल्याला दिसलेले नाही, हा प्रश्न त्या क्षणी स्वतःला विचारावा. बोली इंटरनेटवर चालणार असेल तर शेवटच्या क्षणी बोली आल्यास वेळ वाढते आणि तीच चढाओढ लांबते. लिहून ठेवलेली मर्यादा तिथेही तितकीच पाळावी लागते.

आता आपल्या घरच्या गाडीविषयी. विक्रेत्याची सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे राखीव किंमत भावनेतून ठरवणे. बऱ्याच संस्था राखीव किंमत अंदाजाच्या खालच्या आकड्यापेक्षा वर ठेवू देत नाहीत, त्यामुळे विक्रेता अंदाजच वाढवून घेतो, वाढलेला अंदाज पाहून खरेदीदार गाडी पाहायलाही येत नाहीत आणि गाडी परत घरी येते. ‘विक्री झाली नाही’ ही नोंद इंटरनेटवर कायमची राहते आणि पुढच्या खेपेला प्रत्येक खरेदीदार तिथूनच बोलणी सुरू करतो. राखीव किंमत न ठेवता गाडी उभी केली तर गर्दी जमते, बोली रंगते, पण त्या दिवशी योग्य दोन माणसे हजर नसतील तर निम्म्या भावातही ती द्यावी लागते. आपल्यासारखी घरगुती, फार दुर्मीळ नसलेली गाडी असेल तर मी राखीव किंमत ठेवायला सांगतो, आणि ती अशी ठेवायला सांगतो की कमिशन वजा जाता हाती येणारा आकडा आपल्याला आजच मान्य असेल.

विकण्यापूर्वी गाडी नव्याने रंगवण्याचा मोह अनेकांना होतो. मी त्याच्या विरोधात आहे. 2020 च्या जानेवारीत अमेरिकेतील किसिमी येथे चित्रपटात वापरली गेलेली 1968 ची फोर्ड मस्टँग शुल्कासह 37 लाख 40 हजार डॉलरना विकली गेली, आणि ती एका कुटुंबाने दशकानुदशके सांभाळलेली, रिस्टोर न केलेली, खुणा-ओरखड्यांसह तशीच राहिलेली गाडी होती. तिच्या किमतीचे कारण अर्थात तिची कीर्ती होती, आणि आपली गाडी त्या वर्गातली नाही, पण तत्त्व लहान गाडीलाही लागू होते: मूळ रंग एकदा गेला की परत येत नाही आणि ताज्या रंगाखाली काय लपवले आहे, असा संशय खरेदीदाराला येतोच. त्या पैशात ब्रेक, टायर, कार्बोरेटर आणि विजेचे काम करून घ्या, गाडी थंड असतानाही एका प्रयत्नात सुरू होईल असे पाहा. तीस वर्षांची बिले, जुनी छायाचित्रे, मूळ चाव्या, हत्यारांची पिशवी, माहितीपुस्तिका हे सगळे तारखांनुसार एका फाइलमध्ये लावा. घरात एकाच हाती राहिलेल्या गाडीची खरी संपत्ती ती फाइल असते.

दोष लपवू नका. गाडीला कधी अपघात झाला असेल, इंजिन बदलले असेल, मीटर बदलले असेल तर ते वर्णनात स्वतःहून लिहायला सांगा आणि छापण्यापूर्वी वर्णनाचा मसुदा वाचून त्यावर सही करा. चुकीच्या वर्णनाची जबाबदारी अटींनुसार पुन्हा विक्रेत्याकडेच येते आणि विक्री रद्द झाली तर आधी मिळालेले पैसेही परत करावे लागू शकतात. कमिशन, छायाचित्रांचे शुल्क, गाडीचा क्रम आणि दिवस या गोष्टींवर सही करण्यापूर्वी बोलणी करता येते. बरेच विक्रेते ती करतच नाहीत. गाडी मागे घ्यावीशी वाटली तर किती भरपाई द्यावी लागते, हेही तेव्हाच विचारावे. आणि मंचावर राखीव किंमत गाठली गेली नाही तरी त्यानंतर तासाभरात सर्वाधिक बोली लावणाऱ्याकडून प्रस्ताव येऊ शकतो, म्हणून त्या दिवशी फोन जवळ ठेवा आणि आपला खालचा आकडा आधीच ठरवून ठेवा.

थोडक्यात, आपल्या जागी मी असतो तर या लिलावात फक्त विक्री केली असती, पैसे खात्यात जमा झाल्यावर कारखान्याच्या नोंदी हाती ठेवून पुढच्या लिलावात खरेदी केली असती. साठच्या दशकात हजारोंच्या संख्येने बनलेल्या मॉडेलची दुसरी गाडी काही महिन्यांत पुन्हा बाजारात येते. ती विशिष्ट गाडी आपल्याला हवीच असेल, तर तिची पूर्ण रक्कम विक्रीवर अवलंबून न राहता उभी करता येते का ते पाहा, आणि लिलावसंस्थेला तीन गोष्टी लेखी विचारा: दोन्ही गाड्यांचा क्रम काय आहे, विक्रीची रक्कम खरेदीच्या रकमेतून वळती करून देतील का, आणि आपल्या गाडीच्या खरेदीदाराने पैसे भरले नाहीत तर आपल्याला किती मुदत मिळेल. त्या गाडीचा चासी क्रमांक, इंजिनावरील क्रमांकाच्या जागेचे जवळून घेतलेले छायाचित्र आणि दाराखालच्या पट्टीच्या दोन्ही बाजू मला दाखवल्यास, ती प्रत्यक्ष तपासण्यासाठी जाणे योग्य ठरेल की नाही एवढे मी सांगू शकेन.